पुसू नका, टिपा!

ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलं आणि रस्त्याकडेला झेंडूचे ढीग दिसायला लागले की समजायचं, आता अख्खं कोल्हापूर गाड्या धुणार! खंडेनवमी-दसऱ्याला गाडी न धुणारा कोल्हापूरकर शोधून दाखवा, पार्टी माझ्याकडून. वर्षभर जिच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ असते, ती गाडीसुद्धा त्या दिवशी नवरीसारखी नटते. राजारामपुरीच्या गल्ल्या असोत, मंगळवार पेठ असो नाहीतर नागाळा पार्कातले बंगले, सगळीकडे एकच सीन. पाइप, बादली, फेस, आणि खांद्यावर जुना टॉवेल टाकलेले एमएच-०९ चे अभिमानी मालक.

लोच्या होतो तो दुसऱ्या दिवशी. सकाळी ऑफिसला निघताना बॉनेटवर पांढरे गोल ठिपके दिसतात. तिरक्या उन्हात बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. एवढी घासूनपुसून धुतली, तरी? दोस्तहो, घासूनपुसून धुतली म्हणूनच!

उद्यमनगरात गाड्यांचं डिटेलिंग करणारे एक दादा आहेत. त्यांना मी हेच विचारलं. हातातला टॉवेल पिळत त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, "ताई, गाडी धुताना कमी आणि पुसताना जास्त खराब होती बघा." या वेळचा कॉलम त्या एका वाक्यावर. कारण सात वर्षांच्या ईएमआयवर घेतलेल्या गाडीचा रंग सात महिन्यांत म्हातारा व्हायचा नसेल, तर शाम्पू कुठल्या कंपनीचा यापेक्षा पाणी कसं काढता हे जास्त महत्त्वाचं आहे.

ठिपका येतो कुठून?

पाणी उडून जातं, पण पाण्यातलं सगळं उडत नाही. त्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. थेंब कडेकडून सुकत आत येतो, म्हणून त्याची गोल रांगोळी उमटते. आंघोळीच्या गिझरला, बाथरूमच्या नळाला जो पांढरा थर बसतो, तोच हा. फक्त इथे तो तुमच्या मेटॅलिक ब्लॅकवर बसलेला असतो, एवढाच फरक.

कोल्हापुरात नळाला नदीचं, धरणाचं पाणी येतं. २०२३ च्या दिवाळीत तर काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइनने शहरात पोचलं. असं पाणी सहसा बोअरच्या पाण्याइतकं जड नसतं. पण अपार्टमेंटमध्ये गाड्या धुवायला कुठलं पाणी वापरतात? बोअरचं! आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून मुरत आलेलं हे पाणी वाटेत भरपूर क्षार गोळा करून येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एका लिटरमध्ये विरघळलेले एकूण क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असले तर ठीक मानलं जातं, आणि दुसरा पर्यायच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. ५०० मिलिग्रॅम म्हणजे एका लिटरमागे अर्धा ग्रॅम. म्हणजे पिण्यायोग्य पाण्यानेसुद्धा गाडीवर ठिपके पडू शकतात. घरच्या वॉटर फिल्टरच्या सर्व्हिसिंगला येणाऱ्या मुलाकडे पेनासारखा टीडीएस मीटर असतो. पुढच्या वेळी त्याला बोअरचं पाणीही मोजायला सांगा. आकडा बघून डोळे उघडतील.

आता एक गंमत. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ फिल्टरच्या वेस्ट नळीचं पाणी बादलीत साठवून त्याने गाडी धुणारे बरेच जण आहेत. हेतू एकदम झकास! पण फिल्टरने जे क्षार तुमच्या ग्लासातून काढले, ते सगळे त्याच बादलीत गेलेत. ते पाणी फरशीला वापरा, संडासात टाका, गाडीच्या शेवटच्या विसळण्याला मात्र नको. त्याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं. हवेतली वाफच थंड होऊन तिथे जमते ना! ऑक्टोबर हीटमध्ये दोन रात्रींत अर्धी बादली सहज जमेल. शेवटचा हात त्या पाण्याचा द्या, फरक दिसेल.

ऊन हा या गोष्टीतला व्हिलन. दुपारच्या उन्हात काळ्या गाडीचं बॉनेट ६० अंशांच्या पुढे तापतं. त्यावर टाकलेलं पाणी तुम्ही टॉवेल उचलेपर्यंत सुकलेलं असतं. आणि असे ठिपके दिवसेंदिवस उन्हात भाजत राहिले, की ते नुसते वर बसत नाहीत, रंगाला खातात. मग धुऊन जात नाहीत.

जाळं कोण विणतं?

आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअरकोट. चकाकी असते ती त्याची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे तुमच्या गाडीची अख्खी शान केसाहूनही पातळ थरावर उभी आहे! ओल्या गाडीवर राहिलेला धुळीचा एक कण फडक्यात अडकतो, आणि आपण गरागरा हात फिरवत तोच कण पूर्ण दरवाजावर फिरवून आणतो. पॉलिशपेपरच म्हणा ना.

त्या रेघा खरं तर गोल नसतात बरं का. त्या सगळ्या दिशांना असतात. पण उजेडाच्या भोवती ज्या आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून आपल्याला गोल जाळं दिसतं. तारेच्या घासणीने घासलेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरून बघा, सेम टू सेम. रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर मारा आणि स्वतःच्या गाडीची कुंडली वाचा.

दसरा चौकातल्या शाही दसऱ्याला राजघराण्याची भगव्या रंगाची मायबाख बघायला तुम्हीही कधीतरी मान उंच करून उभे राहिला असाल. १९३० च्या दशकातली ती गाडी. त्या जमान्यातल्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक थर नसायचा. पॉलिश करताना रंगच फडक्याला लागायचा, त्यामुळे झीज होतेय हे मालकाला दिसायचं. आज क्लिअरकोट झिजतो आणि फडकं स्वच्छच राहतं. कळतच नाही! डिटेलिंगवाला मशिन पॉलिश मारून रेघा घालवतो म्हणजे काय करतो? रेघेच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून काढतो. दरवेळी काही मायक्रॉन कमी. हे खातं असं आहे की त्यातून फक्त काढता येतं, भरता येत नाही. 'बघू, दरवर्षी पॉलिश मारू' हा फंडा म्हणूनच धोक्याचा.

आपली धूळ काही साधी नाही

धूळ सगळीकडे असते, पण कोल्हापूरची स्पेशल आहे. दसऱ्यानंतर लवकरच उसाचा हंगाम सुरू होतो. शेतात पाचट पेटतं, कारखान्यांच्या चिमण्या धुरावतात, आणि सकाळी गच्चीवरच्या कपड्यांवर, पार्क केलेल्या गाडीवर काळी काजळी येऊन बसते. ऊस हे शेवटी गवतच, आणि गवतात सिलिका असते. वाळूत असते तीच. म्हणजे ती मऊ दिसणारी राख कोरड्या फडक्याने झटकली की काम तमाम. काळा फराटा वेगळाच!

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरी असेल, तर फाउंड्री आणि ग्राइंडिंगचे लोखंडी कण रंगात रुतून बसू शकतात. पांढऱ्या गाडीवर ते बारीक तांबूस ठिपक्यांसारखे दिसतात. वीकएण्डला गगनबावडा, राधानगरी, आंबा घाट करून आलात तर जांभ्याची लाल धूळ सोबत येतेच. आणि २०१९, २०२१ च्या महापुरांत ज्यांच्या गाड्या पाण्यात होत्या, त्यांना सुकलेला गाळ किती चिवट असतो हे सांगायची गरजच नाही. या सगळ्यांवर नियम एकच. आधी भरपूर पाण्याने भिजवा, सैल होऊ द्या, वाहू द्या. कोरडा हात बंद म्हणजे बंद!

आता प्रत्यक्ष कृती

वेळ सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरची. जागा सावलीतली. बॉनेटला तळहात लावा. गरम लागलं तर चहा प्या, थांबा.

बादल्या दोन. एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. ग्लोव्ह गाडीवरून फिरवला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर नको, त्याने गाडीवरचं वॅक्स निघून जातं. पाइप सतत चालू ठेवू नका. साधा नळ मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी ओततो, म्हणजे वीस मिनिटांत दोनशे लिटर उडाले. आणि प्लीज, रंकाळ्यावर किंवा पंचगंगेच्या घाटावर गाडी नेऊन धुणं हा टशनचा विषय नाही. ऑइल, ग्रीस आणि फेस त्याच पाण्यात जातो, ज्याच्या प्रदूषणाची आपण पेपरात रोज बातमी वाचतो.

शेवटचं विसळणं हा या सगळ्यातला सर्वांत भारी फंडा. पाइपचं नोझल काढून टाका. फवारा नको, सावकाश वाहणारी धार हवी. ती छतावरून सोडा. फवाऱ्याने हजार थेंब तयार होतात. संथ धारेने मात्र पाण्याची एकसंध चादर बनते आणि ती घसरताना बाकीचं पाणी स्वतःबरोबर ओढून नेते. गाडीवर चांगलं वॅक्स असेल तर अर्ध्याहून जास्त गाडी हात न लावता मोकळी होते. जेवढं पाणी आपोआप गेलं, तेवढं पुसणं वाचलं. जेवढं पुसणं वाचलं, तेवढ्या रेघा वाचल्या. सिंपल!

आता टॉवेल. आपल्या मराठीत 'पुसणं' आणि 'टिपणं' असे दोन वेगळे शब्द आहेत. आजी बाळाचं अंग आंघोळीनंतर कसं कोरडं करायची आठवतंय? घासून नाही, टिपून. गाडीला तेच लागू. मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल बॉनेटवर चादरीसारखा अंथरा. वरून हलक्या हाताने दाबा. उचला. पुढच्या जागी ठेवा. फारच मोठं पॅनल असेल तर टॉवेलची दोन टोकं धरून त्याच्या स्वतःच्या वजनाने सरळ स्वतःकडे ओढा, वर हाताचा भार न देता. गोल गोल फिरवायचं नाही. भिजला की घडी उलटा, कोरडी बाजू घ्या.

क्रम वरून खाली. आधी छत, मग काचा, बॉनेट, डिकी, दरवाजांचा वरचा भाग. दरवाजांचा खालचा पट्टा आणि बंपर सगळ्यात शेवटी, कारण चिखलाचे कण तिथेच असतात. चाकांना वेगळं फडकं, ज्याची रंगाशी कायमची कट्टी. ब्रेकची पावडर फार खरखरीत असते.

मग पाणी लपून बसतं त्या जागा गाठा. आरशांच्या फटी, दरवाजांची हँडल, पेट्रोलचं झाकण, नंबरप्लेटची मागची बाजू, डिकीचं रबर. गाडी लखलखीत झाल्यावर अर्ध्या तासाने आरशाखालून जो ओघळ येतो ना, तो इथला. चारही दरवाजे आणि डिकी उघडून कडा टिपून घ्या. नंतर एक छोटी चक्कर मारा. उरलेलं पाणी निथळेल, ब्रेकही कोरडे होतील. ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज दिसला तर टेन्शन घेऊ नका, दोन-चार ब्रेक मारले की जातो. परत येऊन शेवटचे ओघळ टिपले की काम फत्ते.

शॅमी, बनियन की मायक्रोफायबर?

चपलांच्या या गावात चामड्याचा विषय निघणारच. शॅमी हा शब्द शॅमॉय नावाच्या डोंगरी प्राण्यावरून आला. आज ते चामडं बहुतेक वेळा मेंढीचं असतं आणि माशाच्या तेलात कमावतात. आपली कोल्हापुरी चप्पल झाडपाल्याच्या, सालीच्या कमावणीची, त्यामुळे ताठ. शॅमी मात्र मऊ आणि पाणी पिणारी. पाणी ओढते झकास, पण तिला लव नसते. कण आला तर तो चामडं आणि रंग यांच्यामध्येच चिरडला जातो. दुकानात डबीत मिळणारी पिवळी-निळी सिंथेटिक शॅमी असते, तिचंही तेच.

मायक्रोफायबरला दाट लव असते, कण तिच्या आत जातो, रंगापासून लांब. म्हणून तो जिंकतो. घेताना वजन बघा. ३०० ते ४०० जीएसएम साध्या कामाला, पाणी टिपायला ५०० च्या वर. किनारीला कडक शिलाई नको, लेबल असेल तर कापून टाका. धुताना घरच्या टॉवेलांबरोबर मशिनमध्ये टाकू नका, सुती लव त्याला चिकटते. फॅब्रिक कंडिशनर तर अजिबात नको, टॉवेल पाणी प्यायचंच बंद करतो. आणि जमिनीवर पडलेला टॉवेल म्हणजे आउट! झटकून परत वापरायचा नाही.

जुना बनियन, पंचा, पिवळं फडकं? काचेच्या आतल्या बाजूला चालेल. बॉनेटला नको.

सिरॅमिक कोटिंग केलंय म्हणून निवांत असलेल्यांसाठी एक सूचना. जाहिरातीतलं '९एच' हे पेन्सिलच्या कडकपणाच्या मोजणीतलं आहे, हिऱ्या-माणकाच्या नव्हे. कोटिंगवर पाणी छान घसरतं, धूळ लवकर निघते, हे खरं. पण जे थेंब राहतात ते मोत्यासारखे टपोरे राहतात आणि उन्हात सुकले तर ठिपकेही तसेच टपोरे पडतात. टिपणं चुकत नाही, भावांनो.

काकांना दोष देण्याआधी...

अपार्टमेंटमध्ये रोज पहाटे गाड्या पुसणारे काका असतात. एक बादली, एक फडकं, पंधरा गाड्या. पहिल्या गाडीची धूळ पंधराव्या गाडीला. मग रेघा दिसल्या की आपण त्यांच्यावर डाफरतो. पण त्यांना दुसरी बादली दिली कोणी? महिन्याच्या त्या तुटपुंज्या पैशांत पाणी बदलायला आणि फडकं धुवायला वेळ उरतो का? स्वतःचे दोन मायक्रोफायबर आणि एक बादली त्यांच्याकडे तुमच्या गाडीसाठी वेगळी ठेवा. रोज कोरडं पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा पाणी टाकून धुवायला सांगा, आणि त्या कामाचे थोडे जास्त पैसे द्या. एका मशिन पॉलिशच्या बिलाशी तुलना केली तर सौदा स्वस्तातला आहे. काकांचंही कोरड्या फडक्याने धूळ खाणं वाचेल.

सर्व्हिसिंगला गाडी देतानाही जॉबकार्डवर 'वॉश नको' असं लिहून घेता येतं. नव्या गाडीच्या डिलिव्हरीच्या दिवशीसुद्धा. फुकटची धुलाई नेहमी फुकट पडतेच असं नाही.

ठिपके आधीच पडलेत?

ताजे असतील तर पुन्हा शाम्पूने धुवा, बरेच जातील. नाही गेले तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. सावलीत, थंड पत्र्यावर, ओलं फडकं मिनिटभर ठेवा, टिपा, लगेच भरपूर पाण्याने धुवा. व्हिनेगरची आम्लता क्षार विरघळवते. वॅक्सही जाईल, ते पुन्हा लावा. तरीही खुणा राहिल्या तर त्या रंगाच्या आत गेल्यात, मग चांगल्या हाताचं पॉलिशच हवं. लिंबू-चिंच आणि पितळेची भांडी उजळायची पावडर स्वयंपाकघरातच बरी. टूथपेस्टही नको, ती रेघ घालवत नाही, तिच्या शेजारी आणखी शंभर काढते.

आणि हो, पूजा!

गाडी नवमीच्या आदल्या संध्याकाळीच धुवा. सकाळी गडबडीत आणि उन्हात नको. हळद-कुंकू बोटाने हलकं लावा, आणि संध्याकाळी ओल्या टॉवेलने टिपून काढा. पांढऱ्या गाडीवर हळद रात्रभर राहिली तर पिवळा डाग पक्का. झेंडूचा हार तारेने बांधू नका, सुतळी किंवा दोरा वापरा. दसरा चौकात जाऊन आलात की हार उतरवा, कारण वाऱ्याने तो बॉनेटवर सतत घासत राहतो आणि पाकळ्यांखाली धूळ असते. नारळ गाडीपासून हातभर लांब फोडा. त्याचं पाणी बंपरवर उडालं तर लगेच साधं पाणी टाका, साखर सुकली की चिकटून बसते.

बाकी सोनं लुटा, जिलेबी खा आणि गाडी जपून चालवा. दसऱ्याच्या खूप खूप शुभेच्छा!